जिभेखालची बी

त्या वर्षी मार्चपासून पाऊस नव्हता. एरवी कमरेला लागणारा गहू गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच पिवळा पडला. आखूड गहू कापायला फार वाईट. पाठ दुप्पट वाकवावी लागते आणि ऊन नेमकं मानेवर येऊन बसतं. आज मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण चुलीपुढे वाकले की अजून त्या गव्हाची उंची आठवते.

माझं नाव लुदोविना. मी ग्वादियाना नदीच्या काठची, नावाड्याची मुलगी. लग्न होऊन आलेन्तेजू प्रांताच्या ह्या उघड्या माळावर आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला तीन महिने होत नाहीत तोच नवऱ्याला सैन्यात बोलावणं आलं. घरात उरलो तिघी: सासूबाई पेर्पेतुआ, नणंद फेलिस्मिना आणि मी. जूनमध्ये पेद्रा आल्व्हाच्या मोठ्या शेतावर कापणीची टोळी लागली, त्यात आमचे तीन विळे. चाळीस दिवसांची कापणी, आणि त्या चाळीस दिवसांवर आमचा हिवाळ्याचा पाव. घरटी विळे मोजून घेत. तीन विळे म्हणून घेतलेलं घर दोन विळ्यांवर आलं, तर उरलेल्या दोघींनाही गाठोडं बांधायला सांगत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत सासूबाईंनी मला धान्याच्या कोठारामागे उभं केलं आणि कासोटा घालायला शिकवलं. आमच्या नदीकाठी असलं काही नव्हतं. घागऱ्याची मागची कड दोन पायांमधून पुढे ओढायची, कमरेला चार टाचण्यांनी पक्की करायची, मग दोन्ही मांड्यांवर सुतळीने आवळायचं. वरून कमरपट्टा. मागची गाठ स्वतःच्या हाताला येत नाही, ती दुसरीने मारायची. मग पायांत बिनपंजाचे जाड मोजे, डोक्याला फडकं, त्यावर टोपी, आणि डाव्या हाताच्या तीन बोटांत विळा लागू नये म्हणून वेळूच्या नळ्या.

"अजून ओढ," सासूबाई फेलिस्मिनाला म्हणाल्या. "दिवसभर टिकला पाहिजे."

"ओढला आई. आता तिला श्वास तरी घेऊ दे."

"श्वास तोंडाने घेतात. ओढ."

कासोटा कशासाठी, तर मागून पेंढ्या बांधणारे पुरुष येतात आणि बाई दिवसभर वाकलेली असते. शिवाय धसकटं मांड्यांना ओरबाडत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या. तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. ती मला सकाळी दहाच्या सुमारास कळली.

पाणी आणायला बाल्बिना मावशी होती. म्हातारी विधवा. मालकाच्या वाड्यावरच्या विहिरीतून मडकं भरून डोक्यावर घेऊन यायची, सकाळी दोन खेपा, दुपारनंतर दोन. मडक्याच्या गळ्याला दोरीने बुचाच्या सालीचा पेला बांधलेला. मुकादम "पाणी!" म्हणून ओरडला की ती पुरुषांच्या टोकाकडून सुरुवात करायची. एकेकाने उभं राहून प्यायचं, बाकीच्यांनी कापत राहायचं. बायकांच्या पातीपर्यंत ती पोचेस्तोवर पाणी कोमट झालेलं असे, पण साल ओली असायची आणि तिला एक झाडाचा वास यायचा. मी पेला भरून घेतला, गटागटा प्यायले, दुसरा मागितला.

"पी बाई, पी," बाल्बिना मावशी म्हणाली. तिच्या स्वरात काहीतरी होतं, पण मला कळलं नाही. शेजारच्या पातीवर फेलिस्मिनाने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि धसकटांवर थुंकला. सासूबाईंनीही तसंच केलं.

तासाभराने मला जायची वेळ आली. मी आजूबाजूला पाहिलं. अर्ध्या कोसावर एक बुचाचं झाड होतं. बाकी सगळं कापलेलं आणि उघडं. पुरुष काय करायचे, तर चार पावलं बाजूला जाऊन पाठ वळवायचे आणि तोंडातलं गाणंसुद्धा न तोडता परत यायचे. मी फेलिस्मिनाला मागची गाठ सोडायला सांगितली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या कानांतलं सोनं मागितलंय. पण सोडली. मी त्या झाडापर्यंत चालत गेले. चार टाचण्या, दोन सुतळ्या, पट्टा. परत येऊन पुन्हा ओढणं, बांधणं. तोवर माझी पात सगळ्यांच्या मागे पडली होती, आणि मागून आलेले पुरुष उभे राहून वाट बघत होते.

"ससा दिसला का गं, नवी सून?" त्यांतला एक ओरडला.

"बराच वेळ बघत होती. मोठा असणार."

"एकटाच होता की पिल्लं पण होती?"

हसण्याची लाट पातीवरून शेवटपर्यंत गेली. बायकाही हसल्या. त्या टोळीत बाई दिवसा कासोटा सोडून गेली की 'ससा बघायला गेली' म्हणत, आणि संध्याकाळी जेवताना तिच्या नावाने चार ओळी रचून म्हणत. त्या संध्याकाळी माझ्या नावाने म्हटल्या. मी पावावर ओतलेल्या लसणीच्या पाण्यात तोंड खुपसून बसले. मुकादम झाकारियस गंभीरपणे म्हणाला, "हसू नका रे पोरीला. नदीकाठची आहे, तिला पाण्याची सवय. तिच्या सासूकडे बघा. एकतीस कापण्या झाल्या, सूर्य बुडायच्या आत गाठ सोडलेली कुणी पाहिली आहे का?"

"नाही!" सगळे म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांची पाठ सरळ झाली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेल्या बाईची असते तशी.

जेवण झाल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. बोटांत एक ऑलिव्हची बी होती, चोखून चोखून गुळगुळीत झालेली.

"ही जिभेखाली ठेव. गिळू नकोस, चावू नकोस. हिने तोंड ओलं राहतं. पाणी आलं की एक घोट घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा. माझ्या आईने मला असंच शिकवलं."

"आणि तहान लागली तर?"

"तहान लागतेच. म्हणून काय झालं? घामावर पाणी पडलं की पोट जड होतं, हात जड होतात, बाई खाली बसते. आणि बाई एकदा खाली बसली की तिचं नाव जातं. माझ्या मुलाची बायको म्हणून आलीयेस तू ह्या टोळीत. समजलं?"

"समजलं, आई."

मी शिकले. तरुण शरीर काहीही शिकतं. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की संध्याकाळपर्यंत जायची गरजच पडत नाही. सगळं घामातून निघून जायचं. दुपारी डोकं दुखायचं, उठताना डोळ्यांपुढे काळं यायचं, ओठ फुटायचे, पण मी मागे पडत नव्हते. आठव्या दिवशी मुकादमाने माझी पात बघून मान हलवली आणि मला इतका आनंद झाला की आज सांगायलाही लाज वाटते.

फेलिस्मिना चोवीस वर्षांची होती. बायकांमध्ये तिच्याइतकं सरळ कापणारी कुणी नव्हती. तिचं लग्न सप्टेंबरात ठरलं होतं, आणि ज्याच्याशी ठरलं होतं तो जेरोनिमो त्याच टोळीत पेंढ्या बांधायला होता, आमच्याच मागे. धिप्पाड, बुजरा माणूस. दिवसभर तिच्या मागून तिने कापलेलं बांधत यायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. कधी तिच्या पातीत पेंढीवर एखादं जंगली अंजीर ठेवलेलं सापडायचं, एवढंच.

बाराव्या दिवशी पहाटे आम्ही दोघी कोठारामागे कासोटे घालायला गेलो. ती आधी आडोशाला जाऊन आली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. पहाटेचा गारवा होता आणि तरी घाम.

"काय झालं?"

"काही नाही. इथे दुखतं." तिने कमरेच्या वर, पाठीला हात लावला. "वाकून वाकून."

मी आडोशाकडे गेले. मातीवरचा ओला डाग अजून जिरला नव्हता. त्याचा रंग मी आजही विसरले नाही. लाल वाइनचं पिंप धुतल्यावर वाहणाऱ्या पाण्यासारखा.

"फेलिस्मिना, हे रक्त आहे."

"पाळी आली असेल."

"तुझी पाळी मागच्या आठवड्यात झाली. आपण एकाच बादलीत फडकी धुतली."

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता. "आईला सांगायचं नाही. अठ्ठावीस दिवस राहिलेत. मी पडले तर तुम्ही दोघीही घरी जाल. शपथ घे."

"तू पाणी तरी पी."

"पिते ना. रात्री पिते."

रात्री ती पाणी प्यायची हे खरं. पण दिवसभर कोरड्या पडलेल्या शरीरात रात्रीचं पाणी किती पुरणार? मी शपथ घेतली. चार दिवस गप्प राहिले. रोज पहाटे तिची गाठ मारायचे. पोट फुगलेलं असायचं, सुतळी बसायची नाही, आणि ती म्हणायची, "ओढ." मी ओढायचे. ह्या हातांनी.

सोळाव्या दिवशी दुपारच्या विश्रांतीनंतर ती पडली. वारा पूर्ण थांबलेला होता. सगळ्या माळावर रातकिड्यांसारखा एक कर्कश किर्र आवाज भरून राहिला होता, तो किडा आमच्याकडे भर उन्हातच ओरडतो. मला तिच्या विळ्याचा आवाज बंद झालेला आधी कळला. मग ती गुडघ्यांवर बसली, जणू काही शोधतेय, आणि कुशीवर कलंडली. कासोट्यावर मांडीपासून खाली एक डाग पसरत गेला.

बायका धावल्या. कुणी न सांगता त्यांनी तिच्याभोवती कडं केलं, पाठी आत, तोंडं बाहेर, डोक्यावरची फडकी पसरून. पुरुषांपैकी एक तोंड उघडणार तोच जेरोनिमोने त्याच्या छातीवर हात ठेवला. सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिच्या ओठांवर जेव्हा त्यांनी बोट फिरवलं तेव्हा तोंडातून ऑलिव्हची बी बाहेर आली. कोरडी. त्या ती बी हातात धरून बघत राहिल्या.

डॉक्टर मोटारसायकलवरून संध्याकाळच्या आत आला. तरुण होता, कोटावर धूळ, चष्म्याची एक काच तडकलेली. कोठारात गवतावर तिला तपासलं, पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, ती किंचाळली. मग त्याने विचारलं, "दिवसाला पाणी किती पिते?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी घोड्याबद्दल विचारत नाहीये. ही मुलगी किती पाणी पिते?"

"कापणीच्या वेळी बायका पीत नाहीत, डॉक्टरसाहेब," बाल्बिना मावशी म्हणाली. "तोंड ओलं करतात."

"का?"

कोठाराच्या दारात उभ्या असलेल्या झाकारियसने घसा साफ केला. "मी कुणाला नाही म्हणत नाही हो. विहीर खाली गेलीय, पण पाणी मिळतं. कुणालाही विचारा."

डॉक्टरने मला बाहेर अर्धी बाटली लघवी दाखवली. मग सासूबाईंना बोलावून त्यांनाही दाखवली. "बाई, तुमच्या हातात जी गव्हाची काडी आहे ना, तिचा रंग बघा. ह्यापेक्षा गडद झालं की शरीर ओरडतंय असं समजायचं. हे तर काय झालंय ते तुम्हीच बघा. हिची मूत्रपिंडं सुजलीत. पाणी नाही आणि आलेली लघवी दिवसभर दाबून ठेवलेली. अशाने ती नासतात. आज वाचली. पुन्हा असंच केलं तर मी आलो काय आणि न आलो काय."

"घामावर पाणी प्यायलं तर—" सासूबाई म्हणाल्या.

"तर माणूस जगतं."

त्याने गोळ्या दिल्या, दहा दिवस झोपून राहायला सांगितलं. दहा दिवस कुठले? झाकारियसने तीन दिले. तोही वाईट माणूस नव्हता. वाड्यावरचा कारभारी रोज संध्याकाळी घोड्यावरून येऊन किती पाती झाल्या ते मोजायचा आणि झाकारियसला सगळ्यांसमोर बोलायचा. तीन दिवस सासूबाईंनी आणि मी मिळून तिची पात ओढली. कोठारात बाल्बिना मावशी तिला दर तासाला पेला पाजायची. तिसऱ्या संध्याकाळी मावशी मुद्दाम मला बाहेर नेऊन म्हणाली, "ये, बघ." मी बघितलं. गव्हाच्या काडीसारखा रंग. मला रडू आलं.

"आता हिला शेतात पाठवतेस तर पाजत राहा," मावशी म्हणाली. "माझं मडकं तिच्यासाठी आधी थांबेल. मुकादमाने कबूल केलंय."

चौथ्या दिवशी फेलिस्मिना पातीवर आली. चेहरा पांढरा, डोळ्यांखाली निळं. मी गाठ सैल मारली. तिने मागे हात नेऊन चाचपली आणि म्हणाली, "नीट मार." मी तशीच ठेवली.

नऊच्या खेपेला मावशी कबूल केल्याप्रमाणे पुरुषांना ओलांडून आधी आमच्याकडे आली. तसं कधी झालं नव्हतं. अख्खी टोळी मान वळवून बघायला लागली. फेलिस्मिनाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तिने पेला घेतला, तोंड भरलं, फिरवलं, थुंकलं.

"अगं, डॉक्टर काय म्हणाला?" मावशी कुजबुजली.

"प्यायले ना."

"मी म्हातारी झाले, आंधळी नाही झाले."

"मावशी, पुढे जा. सगळे बघतायत."

दुसऱ्या खेपेलाही तसंच. जेरोनिमो मागे दहा पावलांवर पेंढीची गाठ वळत होता. सासूबाई उजव्या पातीवर होत्या. त्यांनी कापणं थांबवलं नव्हतं, पण विळ्याची लय तुटलेली मला ऐकू येत होती. त्या दिवशी त्यांच्या जिभेखाली नेहमीसारखीच बी होती. मधूनच गालाला फुगीर गाठ दिसायची.

"पी," त्या फेलिस्मिनाकडे न बघता म्हणाल्या.

"पिते, आई."

"गिळ."

"गिळलं."

"मी बघतेय पोरी. गिळलं नाहीस."

फेलिस्मिना ताठ उभी राहिली. मला वाटलं पुन्हा पडते की काय. पण ती पडली नाही. हळू आवाजात बोलली, पण आम्ही सगळ्याजणींनी ऐकलं. "प्यायले तर जावं लागेल. जेरोनिमो मागे आहे. रात्री माझ्या नावाने गातील आणि तो तिथे बसलेला असेल. मी कशी जाऊ? तू गेलीस का कधी?"

सासूबाईंचा विळा थांबला.

"एकतीस कापण्या," फेलिस्मिना म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय. तुझीच मुलगी आहे ना मी?"

मावशी मडकं कमरेवर घेऊन तशीच उभी होती. सासूबाईंनी विळा जमिनीत रोवला. दोन पावलं येऊन फेलिस्मिनाच्या हातातून सालीचा पेला घेतला. तोंडातली बी बोटांनी काढली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लांब धसकटांत फेकून दिली. पेला मावशीपुढे धरला. प्यायल्या. त्यांच्या वाळलेल्या गळ्याची शीर प्रत्येक घोटाबरोबर वरखाली झाली. पुन्हा धरला. पुन्हा प्यायल्या. तिसरा पेला संपवायला त्यांना वेळ लागला. सवय नव्हती, पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं.

"चला," त्या म्हणाल्या आणि विळा उपटून पातीवर गेल्या.

शरीर लगेच काही मागत नाही. आम्ही कापत होतो. ऊन चढत होतं. बायकांच्या बाजूला सगळ्यांना कळलं होतं, आणि प्रत्येकजण वाकून कापता कापता डोळ्याच्या कडेने त्यांच्याकडे बघत होती. मला वाटत होतं, त्या दाबून धरतील. त्यांना जमतं. पाऊण तास झाला असेल. पातीच्या मधोमध, जिथे ना झाड ना बांध, ना दगडाचा ढीग, तिथे त्या थांबल्या.

"लुदोविना. मागची गाठ सोड."

सुतळी घामाने घट्ट झाली होती, दात लावून सोडवावी लागली. त्यांनी एकेक टाचणी काढून ओठांत धरली. कासोटा सुटून घागरा खाली मोकळा झाला, चुरगळलेला, घोट्यांपर्यंत. कापणीत दिवसाउजेडी सासूबाईंचा घागरा तसा मोकळा मी तोवर पाहिलाच नव्हता.

टोळीच्या त्या टोकाला झाकारियस ताठ झाला. "पेर्पेतुआ! काय झालं? बरं नाही का?"

"ससा—" कुणीतरी सुरुवात केली आणि स्वतःच गप्प झाला.

सासूबाईंनी टाचण्या ओठांतून काढून माझ्या हातात दिल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता, पण माळावर वारा नव्हता.

"ससा नाही रे. मुतायला चाललेय. तुम्ही सकाळपासून तेच करताय, मी तुमच्या नावाने गाणं म्हटलं का?"

त्या दहा पावलं चालत गेल्या. लपायला काही नव्हतंच. धसकटांत टाचा रोवून त्या पाठमोऱ्या खाली बसल्या. बायका कडं करायला निघाल्या तर त्यांनी हाताने थांबवलं. एक्कावन्न वर्षांची बाई, पंचवीस पुरुषांसमोर.

सगळ्यांत आधी जेरोनिमो वळला. हातातली पेंढी खाली ठेवली, टोपी काढली, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करून सगळी रांग. विळे लोंबलेले, पाठी घामाने काळ्या. झाकारियस शेवटचा. तो बराच वेळ उभा होता, वाड्याच्या वाटेकडे बघत, कारभारी तर येत नाही ना. मग तोही वळला.

सासूबाई आल्या. घागरा पुन्हा बांधू म्हणून मी पुढे झाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "परत सोडायचाच आहे."

त्या विळा घेऊन वाकल्या. तेव्हा फेलिस्मिनाने मावशीला हाक मारली. मावशी रिकामं मडकं घेऊन परत विहिरीकडे निघाली होती. तळाशी उरलेलं पाणी तिने वाकडं करून पेल्यात ओतलं. फेलिस्मिनाने घेतलं. ह्या वेळी थुंकली नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत होते.

"अजून आहे?"

"आणते," मावशी म्हणाली. आणि ती म्हातारी मडकं घेऊन चक्क धावत गेली.

पुढच्या वर्षी पेद्रा आल्व्हाच्या टोळीत आम्हाला बोलावलं नाही. झाकारियसने निरोप धाडला की वाड्यावरून नावं कापलीत, त्याचा इलाज नाही. आम्ही दोन हिवाळे दुसऱ्यांच्या बागांत ऑलिव्ह वेचले. फेलिस्मिनाचं लग्न ठरल्या महिन्यातच झालं. एक मूत्रपिंड मात्र बिघडलं ते बिघडलंच. मुलं झाली तेव्हा दोन्ही वेळा ती मरता मरता वाचली. साठी गाठायच्या आत गेली. जेरोनिमो तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवायचा आणि तो अर्धा झाला की न बोलता भरायचा. मी चार दिवस गप्प राहिले नसते तर काय झालं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. त्या रात्री कुणीही कुणाच्या नावाने गायलं नाही. सगळे पाव बुडवून गपचूप खात होते. सासूबाई कोठाराच्या भिंतीला टेकून बसल्या. दिवसभर घागरा खाली सोडून कापल्यामुळे धसकटं आत शिरली होती, आणि मोजे खाली ओढून पाहिलं तर गुडघ्यापासून खाली कातडं ओरबाडून निघालं होतं. रक्त वाळून माती चिकटली होती. मी बाल्बिना मावशीकडून अर्धं मडकं मागून आणलं, फडकं बुडवलं आणि त्यांच्या पायाशी बसले. पहिला हात लावला तेव्हा त्यांनी ओठ आवळले.

"दुखतं का?"

"दुखणारच." त्यांनी कोठाराच्या दाराकडे पाहिलं. फेलिस्मिना आतून बाहेर आली होती आणि उंबऱ्यावर उभी होती. मग त्यांनी माझा हात धरला, फडकं पिळायला लावलं आणि मडकं माझ्याकडे सरकवलं.

"एवढं पाणी पायांवर घालतात का? जा, तिला दे. आधी तिला पाज."